पोटावरचा मुका मार : ‘काही झालं नाही’ म्हणण्याची घाई नको

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळची तपासणी आटोपून मी दवाखान्याचे शटर ओढण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात ओळखीतले एक शिक्षक आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला स्कूटरवर पुढे उभा करून घेऊन आले. मुलाला आदल्या दिवसापासून उलट्या होत होत्या.

“काही नाही डॉक्टर, परवा लग्नात बासुंदी जास्त झाली. एक इंजेक्शन द्या, थांबेल,” शिक्षक म्हणाले.

मुलाचा चेहरा उतरलेला होता, जीभ कोरडी पडली होती. उलटीचा रंग विचारला. “हिरवी होती,” मुलगाच म्हणाला. शर्ट वर केला तर बेंबीच्या जरा वर, उजव्या अंगाला, जुन्या रुपयाएवढा गोल निळा डाग. हे काय, म्हणून विचारले तर वडिलांना ठाऊकच नव्हते. मुलगा आधी गप्प बसला. मग म्हणाला, “बुधवारी सायकलवरून पडलो. हँडल लागलं. घरी सांगितलं नाही, सायकल काढून घेतील म्हणून.”

बुधवारी लागलेले आणि उलट्या शनिवारी सुरू झालेल्या. मधले तीन दिवस पोरगा शाळेत गेला, खेळला, जेवला. आणि लग्नातली बासुंदी मात्र विनाकारण बदनाम झाली!

मी इंजेक्शन दिले नाही. चिठ्ठी लिहून त्याला लगेच मिरजेला सर्जनकडे पाठवले. तिथे सीटी स्कॅन झाला. जठराला लागून लहान आतड्याचा जो पहिला भाग असतो, तो पाठीच्या कण्यावर चेंगरला होता आणि त्याच्या भिंतीतच रक्त साकळले होते. रक्ताची ती गाठ हळूहळू फुगली आणि चौथ्या दिवशी आतड्याचा मार्गच तिने बंद केला. पोटातले पुढे सरकेना, म्हणून पित्तमिश्रित हिरवी उलटी. सुदैवाने आतडे फाटले नव्हते. नाकातून नळी, शिरेतून सलाईन आणि पोषण, तोंडाने काही नाही, असे अकरा दिवस काढल्यावर गाठ आपोआप विरली. ऑपरेशन लागले नाही. मुलगा आता शाळेत जातो. सायकल अर्थातच जप्त आहे.

या मुलामुळे हा विषय आठवला. खरे सांगायचे तर हा विषय मला विसरता कधी आलाच नव्हता. ते पुढे सांगतो.

आपल्या भाषेत ‘मुका मार’ हा शब्द फार नेमका आहे. कातडी फाटत नाही, रक्त दिसत नाही, टाके पडत नाहीत. मार बोलत नाही, म्हणून तो मुका. हाता-पायाला मुका मार लागला तर सूज येते, काळे-निळे होते, हाड मोडले असेल तर वाकडे दिसते. पोटाचे तसे नाही. छातीला बरगड्यांचा पिंजरा आहे, मेंदूला कवटी आहे. पोटाला पुढून फक्त स्नायूंचा पडदा. मागे पाठीचा कणा, तो मात्र दगडासारखा. पुढून लाथ, शिंग, हँडल किंवा जू आदळले की मधली आतडी, स्वादुपिंड, रक्तवाहिन्या या दोहोंमध्ये ठेचल्या जातात. खलबत्त्यात लसूण ठेचतो तशा. यकृत आणि प्लीहा, म्हणजे आपली जुनी माणसे जिला पाणथरी म्हणतात ती, हे अवयव बरगड्यांच्या आडोशाला असतात. पण ते रक्ताने भरलेले आणि ठिसूळ. मोठ्या धक्क्याने त्यांना तडा जातो. वरची कातडी मात्र साधी खरचटलेलीही नसते, असे कितीतरी वेळा होते.

आता ती जुनी गोष्ट.

१९९८ चा डिसेंबर. ऊस गाळपाचा हंगाम ऐन भरात. मला इथे दवाखाना टाकून जेमतेम दोन वर्षे झाली होती. ट्रॅक्टरवर काम करणारा एक तरुण गडी, वय असेल तिशीच्या आतबाहेर, डाव्या कुशीला हात लावून आला. ट्रॉलीचा फाळका सुटून बरगड्यांखाली बसला होता. मी पोट दाबून पाहिले. डावीकडे दुखत होते, पण पोट मऊ होते. रक्तदाब ११० वर ७०. बरगडीला मार बसला असे ठरवून मी वेदनाशामक इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या आणि ‘दोन दिवस विश्रांती घे’ म्हणून सांगितले. नाडी किती होती? माझ्या त्या दिवशीच्या कागदावर ती लिहिलेली नाही. म्हणजे मी मोजली नसावी.

चौथ्या दिवशी तो पुन्हा आला. म्हणाला, “पोटाचं आता बरं हाय डॉक्टर, पण ह्यो डावा खांदा लई दुखतोय.” मी खांदा फिरवून पाहिला. सगळीकडे नीट फिरत होता. खांद्याला लागलेही नव्हते. मी मलम लिहून दिले.

खांद्याला काही झालेले नसताना डाव्या खांद्याचे टोक दुखणे, ही फुटलेल्या पाणथरीची पुस्तकातली खूण आहे. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, त्याची नस मानेतून निघते. पोटात सांडलेले रक्त त्या पडद्याला लागले की मेंदूला वाटते खांदाच दुखतो आहे. हे मी परीक्षेत लिहिले होते. गुणही मिळाले होते. दवाखान्यात मात्र समोर आले तेव्हा मी मलम दिले.

नवव्या दिवशी, आठवड्याच्या बाजारात, भाजीची पिशवी हातात असताना तो खाली बसला तो बसलाच. लोकांनी त्याला माझ्याकडे उचलून आणले. पांढराफटक, अंग गार, घामाने चिंब. नाडी हाताला लागत नव्हती. तेव्हा १०८ ची गाडी नव्हती. ती आपल्याकडे २०१४ मध्ये आली. एका जीपमध्ये घातला, मी सलाईनची बाटली धरून सोबत गेलो. मिरज दिसायला लागण्याआधीच सगळे संपले. शवविच्छेदनात पाणथरी फुटलेली आणि पोट रक्ताने भरलेले निघाले.

याला ‘उशिरा फुटलेली पाणथरी’ म्हणतात. बोदे नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९०७ मध्ये या प्रकाराकडे लक्ष वेधले. मार लागतो त्या वेळी पाणथरीला चीर पडते, पण तिच्यावरचे पातळ आवरण शाबूत राहते. रक्त आवरणाच्या आत साठत जाते. रुग्णाला बरे वाटते, तो कामाला लागतो. आणि मग खोकला, शिंक, एखादे ओझे, कधी काहीही नाही, आणि ते आवरण फाटते. मधला हा फसवा काळ दोन दिवसांपासून बहुधा दोन आठवड्यांपर्यंत असतो, क्वचित त्याहूनही जास्त. तसे पाहिले तर हा प्रकार विरळाच. माझ्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या व्यवसायात मी असा दुसरा रुग्ण पाहिला नाही. पण विरळ या शब्दाचा अर्थ डॉक्टरला वेगळा आणि त्या घराला वेगळा. त्याची आई अजून माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येते. खांद्याचे मी कसे चुकलो, ते मी तिला फार वर्षांनी सांगितले. ती म्हणाली, “तवा तुमी पोरगंच व्हता.” मी काही बोललो नाही. पुढच्या महिन्यात ती नेहमीप्रमाणे गोळ्यांना आली.

असो.

पाणथरीचा विषय निघालाच आहे तर एक ऐतिहासिक गोष्ट सांगतो. मलेरियाने पाणथरी सुजते आणि सुजलेली पाणथरी अगदी हलक्या माराने फुटते. इंग्रजी अमदानीत याचा फार वाईट उपयोग झाला. साहेबाने नोकराला मारले, नोकर मेला, की न्यायालयात डॉक्टरची साक्ष होई : पाणथरी आधीच वाढलेली होती, मार किरकोळ होता. आग्र्याला फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने गाडी वेळेवर आली नाही म्हणून आपल्या साईसाला मारले. साईस थोड्या वेळात मेला. पाणथरी फुटली होती. मॅजिस्ट्रेटने दंड केला तीस रुपये. १८७६ मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी या निकालावर जाहीर नापसंती व्यक्त केली, आणि त्यावरून इथल्या गोऱ्या मंडळींनी मोठा गहजब केला. गोष्ट कायद्याची असली तरी वैद्यकातला धडा त्यात आहेच. मार ‘किरकोळ’ होता हे त्या पाणथरीला कोणी सांगायचे? आजही हिवतापाने किंवा यकृताच्या जुन्या विकाराने पाणथरी वाढलेल्या माणसाला पोटावर लागले, तर ते साधे समजू नये.

दुसरी गोष्ट जगप्रसिद्ध जादूगार हुदिनी यांची. २२ ऑक्टोबर १९२६ रोजी कॅनडातल्या माँट्रियल शहरात ते नाट्यगृहातल्या खोलीत कोचावर पडलेले होते. तुमच्या पोटावर कितीही ठोसे मारले तरी तुम्हाला काही होत नाही हे खरे का, असे विचारून एका विद्यार्थ्याने त्यांना धडाधड ठोसे लगावले. पोटाचे स्नायू आवळायलाही त्यांना वेळ मिळाला नाही. त्यानंतर पोट दुखू लागले. माणूस हट्टी. दोन दिवसांनी डेट्रॉइटला अंगात सणसणून ताप असताना त्यांनी प्रयोग केला. मग ऑपरेशन झाले. अपेंडिक्स फुटून पोटभर पू झाला होता. ३१ ऑक्टोबरला ते गेले. तेव्हा जंतू मारणारी प्रतिजैविके नव्हती.

ठोशाने अपेंडिक्स सुजते का, यावर डॉक्टर अजून वाद घालतात. मारानंतर अपेंडिसायटिस झाल्याच्या तुरळक नोंदी वैद्यकीय मासिकांत आहेत. पण माझे मत बहुतेकांसारखेच आहे : दुखणे आधीच सुरू झालेले असावे आणि ठोशांमुळे सगळे ‘मार लागला म्हणून दुखतंय’ या समजुतीत राहिले. ही समजूत दोन्हीकडून घात करते. कधी मार लागलेला आपण विसरतो आणि बासुंदीला दोष देतो. कधी मार लक्षात राहतो आणि त्याच्या आड दुसरे दुखणे लपते.

पोटाच्या मुक्या माराचे आणखी काही चमत्कारिक परिणाम आहेत. ते डॉक्टरलासुद्धा चकवतात, कारण मार आणि त्रास यांच्यात आठवडे, महिने, कधी वर्षे गेलेली असतात.

स्वादुपिंड हे जठराच्या मागे, कण्यावर आडवे पडलेले असते. हँडलच्या माराने ते बरोबर मधे चिरडते. त्यातला पाचक रस बाहेर झिरपतो आणि तीन-चार आठवड्यांनी वरच्या पोटात पाण्याची मोठी गाठ तयार होते. जेवण जात नाही, मळमळते, पोट फुगल्यासारखे वाटते. अशी एक मुलगी माझ्याकडे आली होती. घरच्यांनी आधी तिला दोनदा बाईकडे नेऊन, पोटात गोळा आलाय म्हणून तेल लावून चोळून घेतले होते! गाठ फुटली नाही हे तिचे नशीब.

यकृताला चीर पडून आतली रक्तवाहिनी आणि पित्तनलिका एकमेकींत उघडल्या, तर रक्त पित्ताच्या वाटेने आतड्यात उतरते. मारानंतर काही आठवड्यांनी उजव्या कुशीत कळा, डोळे पिवळे आणि शौचाला डांबरासारखे काळे. स्वीडनचे सर्जन सँडब्लॉम यांनी १९४८ मध्ये या विकाराला नाव दिले. असा रुग्ण साहजिकच कावीळ म्हणून गावठी औषधाला जातो किंवा अल्सर म्हणून आमच्याकडे गोळ्या खात बसतो. आता मांडीतल्या धमनीतून बारीक नळी घालून ती रक्तवाहिनी बंद करता येते. पण कोणीतरी आधी ‘मागे कधी पोटाला लागलं होतं का’ असे विचारले पाहिजे ना!

श्वासपटलाला पडलेले भोक हा तर लपण्यात उस्ताद. मोठ्या अपघातात पोटातला दाब एकदम वाढतो आणि पडदा फाटतो, बहुधा डाव्या बाजूला, कारण उजवीकडे यकृताची उशी आहे. सुरुवातीला भोक लहान असते. वर्षानुवर्षे त्यातून जठर किंवा आतडे हळूहळू छातीत सरकते. माणूस जेवल्यावर धाप लागते म्हणून दम्याची औषधे घेतो, गॅसची औषधे घेतो. छातीला स्टेथोस्कोप लावला तर श्वासाऐवजी पोटातली गुडगूड ऐकू येते. आणि एक दिवस ते आतडे भोकात आवळले जाते. मग मात्र तासांचा हिशेब उरतो.

आतड्याला रक्त पुरवणारा पडदा फाटला, तर तेवढा आतड्याचा तुकडा उपाशी पडतो. तो सडला तर चार दिवसांत कळते. पण नुसता आकसला तर महिन्या-दोन महिन्यांनी आतडे अरुंद होऊन पोट फुगायला, कळा यायला लागतात.

सगळ्यात अजब मूत्रपिंडाची गोष्ट. अमेरिकेतले डॉ. अर्विन पेज यांनी १९३९ मध्ये कुत्र्यांच्या मूत्रपिंडाभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळून दाखवून दिले की मूत्रपिंड आवळले गेले की रक्तदाब चढतो. १९५५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने एका तरुण फुटबॉलपटूची हकीकत प्रसिद्ध केली. खेळताना कुशीत मार बसून मूत्रपिंडाभोवती रक्त साकळले होते, त्याचे कवच बनले होते आणि त्याने पोराला रक्तदाब जडला होता. ते मूत्रपिंड काढल्यावर रक्तदाब उतरला. तेव्हापासून पंचवीस वर्षांचा धडधाकट मुलगा रक्तदाब घेऊन आला, की मी नेहमीच्या तपासण्यांबरोबर त्याला कबड्डी, कुस्ती, मोटारसायकलबद्दलही विचारतो. अजून तरी असा एकही सापडलेला नाही. पण विचारायला पैसे पडत नाहीत.

आता जरा वादाचा मुद्दा. माझे एक सर्जन मित्र म्हणतात, “तुम्ही असले लेख लिहिता आणि मग प्रत्येक जण पोटाला टिचकी लागली तरी सीटी स्कॅन मागतो.” त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. स्कॅनला हजारो रुपये लागतात, मुलांच्या अंगात विनाकारण किरण जातात, आणि शंभरातल्या बहुतेकांना खरोखर काहीही झालेले नसते. सगळ्यांचा स्कॅन करा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे वेगळेच आहे. ‘काही झालं नाही’ हे वाक्य पहिल्या दिवशी म्हणायचा अधिकार कोणालाच नाही. ना पेशंटला, ना मला, ना सोनोग्राफीच्या रिपोर्टला.

सोनोग्राफीचे सांगतो. ती उत्तम तपासणी आहे, पोटात रक्त साठले असेल तर पटकन दाखवते. पण लागल्यावर तासाभरात केलेली सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली, याचा अर्थ तेव्हा रक्त दिसले नाही इतकाच. आतड्याला पडलेले बारीक भोक, स्वादुपिंडाची चीर, श्वासपटलाचे भोक तिला सहसा दिसत नाही. कधी कधी पहिल्या काही तासांत सीटी स्कॅनसुद्धा चुकतो. म्हणून मोठ्या रुग्णालयात अशा रुग्णाला ठेवून घेतात आणि तोच डॉक्टर दर काही तासांनी येऊन पुन्हा पोट तपासतो. नातेवाईक कुरकुरतात : “नुसतं ठेवून घेतलंय, काहीच करत नाहीत!” अहो, पाहत राहणे हाच इथे उपचार आहे. पूर्वी पाणथरीला चीर गेली की ती काढूनच टाकत. आज रक्तदाब स्थिर असलेल्या बऱ्याच रुग्णांची पाणथरी आणि यकृत ऑपरेशनशिवाय भरून येते. पण ते रुग्णालयात नजरेखाली राहिले तर.

आणि आम्ही फॅमिली डॉक्टर? आमची चूक इंजेक्शनची. कळवळत आलेल्या माणसाला सुईने बरे वाटते, तो आपल्याला दुवा देतो, आणि दोघेही निर्धास्त होतात. वेदना कमी करू नये असे नाही. पण तपासणी आधी, नाडी-रक्तदाबाची नोंद आधी, आणि ‘उद्या सकाळी मला पोट दाखवायला ये’ हे वाक्य सुईच्या बरोबर. रक्तदाबावर तर फार विसंबू नये. तरुण माणसाच्या अंगातले पाच लिटरपैकी दीड लिटर रक्त जाईपर्यंत रक्तदाब तग धरू शकतो. नाडी मात्र त्याआधीच पळायला लागते. मनगटावरची नाडी मोजायला डॉक्टर लागत नाही, घड्याळ लागते. शांत झोपलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला शंभरच्या वर राहू लागली, चेहरा पांढरा पडला, उभे राहिल्यावर चक्कर आली, तर पहाट होण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. पोट टणक होणे, फुगत जाणे, खांद्याचे टोक दुखणे, हिरवी किंवा सारखी उलटी, लघवीत रक्त, शौचाला काळे, मारानंतर काही दिवसांनी ताप, यांतले काहीही झाले तर तेच. तोवर तोंडाने काही देऊ नका, चहासुद्धा नाही. आणि पोट चोळू नका. बेंबी सरकली, गोळा उठला, उसण भरली, नाव काहीही द्या, पण मार लागलेले पोट चोळायचे नाही.

मोटारीत पट्टा लावत चला, पण तो ओटीपोटाच्या हाडावरून जाऊ द्या, मऊ पोटावरून नको. अपघातानंतर पोटावर पट्ट्याचा आडवा निळा वळ उठला असेल तर आतड्याला आणि कण्याला इजा असण्याची शक्यता वाढते. पट्ट्याने जीव वाचला हे खरेच, पण तो वळ डॉक्टरला दाखवा. गरोदर बाईच्या पोटाला थोडेही लागले, नुसती ओट्यावर आदळली तरी, तिला प्रसूतीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. आईला काही वाटत नसताना वार सुटू लागलेली असू शकते.

बायकांचे आणखी एक आहे, ते दबक्या आवाजात का होईना पण लिहिले पाहिजे. ‘न्हाणीत पाय घसरला’ असे सांगत पोट धरून येणाऱ्या सगळ्याच बायका न्हाणीत घसरलेल्या नसतात. सोबत आलेला नवराच सगळी उत्तरे देतो तेव्हा मी त्याला केसपेपर काढायला बाहेर पाठवतो. लाथेने आतडे फुटलेली बाई दोन दिवस घरात झाकून ठेवल्यावर माझ्याकडे आणली गेली, असे एकदा झाले आहे. ती वाचली, पण पोटाची पिशवी घेऊन सहा महिने काढले. खरे सांगितले तर पोलीस येतील, ही भीती. तशीच भीती अपघातात मदत करणाऱ्यांना वाटते. ‘केस होईल, आधी पोलिसात जा’ म्हणून कोणत्याही डॉक्टरने जखमीला परत पाठवू नये, आधी उपचार करावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट सांगितले आहे. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला संरक्षण देणारे कलम २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आले. तेव्हा ‘कागदपत्रे होईपर्यंत’ ही सबब आता कोणाकडेच नाही.

जाता जाता एक विनंती. पूर्वी अपघातात ज्यांची पाणथरी काढली, अशी माणसे आपल्या तालुक्यात आहेत. पोटावर उभा व्रण मिरवतात आणि विचारले तर ‘काहीतरी काढलंय’ म्हणून सांगतात. पाणथरी नसलेल्या माणसाला काही ठराविक जंतूंचा संसर्ग काही तासांत जीवघेणा होऊ शकतो, मग ऑपरेशनला वीस वर्षे का झाली असेनात. न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या काही जंतूंविरुद्ध लशी आहेत, त्या घ्याव्यात. थंडी वाजून ताप आला तर ‘उद्या बघू’ न करता त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे आणि पाणथरी नाही हे पहिल्या वाक्यात सांगावे. जुने डिस्चार्ज कार्ड ट्रंकेत असेल तर ते शोधून त्यात काय काढले आहे ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर माझ्याकडे आणा. त्याचे पैसे घेत नाही.

त्या शिक्षकांचा मुलगा मागच्या शनिवारी आला होता. दोन महिने खेळ बंद, असे मी त्याच्या वहीत लिहून दिले, सहीनिशी. त्याने ते नीट वाचले आणि विचारले, “कॅरम चालेल का?”